ग्रिसिनी ओढायला शिकताना

पुण्यातल्या इटालियन हॉटेलांत टेबलावर उभ्या ग्लासात चार-पाच ग्रिसिनी, म्हणजे पावाच्या पिठाच्या कडक भाजलेल्या काड्या, खोचलेल्या असायच्या. त्या कुणी मन लावून खाल्ल्याचं मला आठवत नाही. मेनूकार्ड येईपर्यंत मोठ्यांना चाळा, लहानांना तलवारबाजीचं सामान, आणि चवीच्या नावाने शंख. त्यामुळे नोकरीनिमित्त तोरिनोला, म्हणजे नकाशावर आपण ज्याला ट्युरिन म्हणतो त्या शहरात राहायला आले, तेव्हा इथली माणसं या काड्यांबद्दल एवढ्या जिव्हाळ्याने का बोलतात ते कळेना. इथल्या साध्या खानावळीतही बसल्याबसल्या ग्रिसिनी येते, बहुतेक ठिकाणी कागदी पाकिटात. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची एक माणशी आकारणी असते. पाव आणि ग्रिसिनी त्यातच धरलेली, म्हणजे खा न खा, पैसे गेलेच. पैसे दिलेत म्हटल्यावर मी खात होते, एवढंच.

फरक कळला तो घराजवळच्या पानेत्तेरियात, पावाच्या दुकानात. तिथे सकाळी काउंटरमागच्या लाकडी खोक्यात माझ्या हाताएवढ्या लांब, वाकड्यातिकड्या, एकीसारखी दुसरी नाही अशा ग्रिसिनी आडव्या पडलेल्या असतात. विक्री नगावर नाही, वजनावर. शंभर ग्रॅमला इथे ‘एत्तो’ म्हणतात. दोन एत्तो मागितल्या की मोठ्या कागदी पिशवीत घालून देतात आणि निम्मी लांबी पिशवीच्या तोंडातून बाहेरच राहते. ट्राममधून घरी येईस्तोवर बाहेरची निम्मी संपलेली असते. ही मोडली की खटकन मोडते, तुकडे होतात पण भुगा होत नाही. चव आधी मिठाची, मग भाजलेल्या गव्हाची आणि मग कितीतरी वेळ ऑलिव्ह तेलाची. पाकिटातली आणि ही एकाच नावाने विकतात हे मला अजूनही पटत नाही.

आता शाकाहारी वाचकांसाठी कामाची गोष्ट. ‘स्त्रुत्तो’ हा शब्द पाठ करून ठेवा. स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी. तोरिनो ज्या पिएमोंते प्रांताची राजधानी आहे, तिथल्या जुन्या पाककृतींत ती असते, आजही बऱ्याच ठिकाणी घालतात, आणि पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेली असते. मी दुकानातल्या सिन्योराबाईंना हेच विचारलं. त्या साठीच्या पुढच्या, भुवया उंचावून बोलणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि दोन खोक्यांकडे बोट केलं. “हा रुबाता, ह्यात आहे. तो स्तिरातो, त्यात फक्त तेल. तुम्ही तिकडचं घ्या.” मी विचारलं, फरक एवढाच का? तर त्या हसल्या. फरक हातांचा आहे म्हणाल्या. रुबाता तळहाताखाली वळतात, स्तिरातो दोन हातांनी ओढतात. मला ओढायचं बघायचंय म्हटल्यावर त्यांनी आत भट्टीकडे तोंड करून नवऱ्याला ओरडून विचारलं, आणि आतून आलेल्या उत्तराचं भाषांतर मला असं मिळालं : “पहाटे चारला येणार असाल तर या. आठला येणारे पुष्कळ असतात.”

गेले.

डिसेंबर होता. बाहेर गोठवणारं धुकं आणि आत भट्टीपाशी बाह्या सरसावलेले सिन्योर, म्हणजे सिन्योराबाईंचे यजमान. वयाने बाईंहून थोडे मोठे असावेत. बोलणं निम्मं इटालियन, निम्मं पिएमोंतेची बोली, त्यामुळे मला निम्मंच कळायचं. पण हे काम तोंडाने सांगण्यासारखं नव्हतंच. त्यांनी रात्रीच मळून ठेवलेला पिठाचा एक लांबट आयताकृती गठ्ठा लाकडी फळीवर होता. खाली सेमोलाचा, म्हणजे डुरम गव्हाच्या बारीक रव्याचा थर आणि वरून ऑलिव्ह तेलाचा हात फिरवलेला. तेल चवीसाठी असेल असं मला वाटलं होतं. ते चवीसाठीही असतं, पण मुख्य काम वेगळं. पीठ उघडं राहिलं की वर कोरडी साय धरते आणि मग ओढताना तिथेच भेगा पडतात. तेलामुळे ती धरत नाही. रव्याचं कामही दुहेरी. पीठ फळीला चिकटत नाही आणि भाजल्यावर बाहेरून किंचित खरखर राहते. ही खरखर जिभेला लागली की समजावं, काडी हाताची आहे.

मग त्यांनी पत्र्याच्या सुरीने त्या गठ्ठ्याच्या बोटभर रुंद पट्ट्या पाडल्या. आडव्या, म्हणजे गठ्ठ्याच्या रुंदीला. एक पट्टी उचलली, दोन्ही टोकं चिमटीत धरली, हात हळूच बाजूला नेले आणि पट्टी आपल्याच वजनाने मधे झोळ खात लांबत गेली. हात पुरते पसरले तेव्हा ती त्यांच्या छातीच्या रुंदीएवढी लांब झालेली होती. ती तशीच लाकडी फावड्यावर ठेवली. तोवर मी श्वास धरलेला, आणि ते पुढच्या पट्टीकडे वळलेले. एकामागून एक, न मोजता, न बघता. सगळ्यांची जाडी साधारण पेन्सिलीएवढी.

माझ्या हातात पट्टी आली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली : “ओढू नका. जाऊ द्या.” हे वाक्य ऐकायला फार छान आहे आणि करायला काहीच उपयोगाचं नाही. खरी युक्ती मला त्यांची बोटं बघून कळली. टोकं धरतात ती नुसती धरण्यापुरती. लांबवायचं काम मधली बोटं करतात. पट्टी उचलताना ती खालून आधार देतात आणि हात बाजूला जाताना मधून टोकांकडे सरकत जातात, म्हणजे जिथे जाड आहे तिथलं पीठ बारीक भागाकडे जातं. नुसती टोकं खेचली तर मधला भाग दोऱ्यासारखा होतो आणि तुटतो, किंवा तुटला नाही तर भट्टीत मधे करपतो आणि टोकं कच्ची राहतात. टोकं थोडी जाड राहायचीच, चिमटीचे ठसे उमटलेली. पुण्यातल्या ग्लासात ते ठसे कधीच नव्हते, कारण त्या यंत्रातून कापून निघालेल्या होत्या.

पीठ पाण्यात मळलं की आत एक स्थितिस्थापक जाळं तयार होतं, त्याला ग्लुटेन म्हणतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. मळल्यावर ते जाळं आवळलेलं असतं. लगेच ओढायला गेलात तर पट्टी परत आखडते. तासभर, थंडीत त्याहून जास्त, झाकून ठेवलं की ते सैलावतं. म्हणून या कामात मळण्यापेक्षा थांबण्याला किंमत आहे. पिठाची निवडही याच कारणाने. इटलीत ‘मानितोबा’ नावाचं एक फार ताकदीचं पीठ मिळतं, कॅनडातल्या त्या प्रांतावरून नाव पडलेलं. नवशिके हौसेने तेच उचलतात. सिन्योरांच्या मते त्याची ग्रिसिनी करणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, कारण ते पीठ ऐकतच नाही. साधं ‘शून्य’ नंबरचं पीठ पुरतं. आणि तेल सढळ हवं, कारण तेलाने ते जाळं आखूड होतं आणि भाजल्यावर कडकपणाऐवजी खुसखुशीतपणा येतो. दाताला हा फरक लगेच कळतो.

भट्टीतून पहिली फेरी निघाली तेव्हा सिन्योरांनी एक काडी उचलून मधोमध मोडली आणि मोडलेली बाजू मला दाखवली. आत बारीक बारीक पोकळ्या, मऊ भाग कुठेच नाही. पावात जो आतला मऊ गर असतो तो यात नसावा, ही सगळी कसरत त्यासाठीच. आणि इथे त्यांनी मला राजपुत्राची गोष्ट सांगितली, जी तोरिनोत येणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच.

इथल्या सत्ताधारी सावोया घराण्याचा वित्तोरिओ आमेदेओ दुसरा, जन्म 1666 चा. वडील वारल्यावर लहानपणीच ड्यूक झाला, कारभार आई बघत होती. मुलगा अशक्त, पोटाने कायम बिघडलेला. गोष्टीप्रमाणे 1679 मध्ये दरबारी वैद्य तेओबाल्दो पेक्कियो याने निदान केलं की पाव आतून नीट भाजला जात नाही, तो कच्चा गर पचत नाही. मग दरबारचा पाववाला अंतोनिओ ब्रुनेरो याने पावाचं पीठ इतकं बारीक ओढलं की आत गर राहायला जागाच उरली नाही. मुलगा बरा झाला, पुढे 1713 मध्ये सिसिलीचा आणि 1720 मध्ये सार्डिनियाचा राजा झाला. शहरावर डोकावणारं सुपेर्गाचं भव्य चर्च त्यानेच बांधून घेतलं. तोरिनोजवळच्या वेनारियाच्या राजवाड्यात त्याचं भूत हातात ग्रिसिनी घेऊन हिंडतं असंही म्हणतात. भुताला एवढी आवड असेल तर पोटाचा त्रास खरंच गेला असावा.

घरी येऊन वाचलं तर कथा थोडी डळमळली. फ्लॉरेन्सचा एक धर्मगुरू, विन्चेन्झो रुचेल्लाई, 1643 मध्ये तोरिनोजवळच्या कीवास्सो गावात हातभर लांब आणि अगदी बारीक पाव पाहिल्याची नोंद करून ठेवतो. म्हणजे राजपुत्राच्या जन्माआधी तेवीस वर्षं असा पाव या भागात होताच. मला वाटतं, खेड्यात चालत आलेली वस्तू दरबारात शिरली आणि तिथे तिला जन्मकथा मिळाली. असं आपल्याकडेही किती पदार्थांचं झालंय. पुढच्या खेपेला मी हे सिन्योरांना सांगितलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं, “कीवास्सोची माणसं काहीही सांगतात.” सांगणारा माणूस फ्लॉरेन्सचा होता हा मुद्दा त्यांना महत्त्वाचा वाटला नाही. उलट नेपोलियन ‘तोरिनोच्या काड्या’ टपालाच्या घोड्यांवरून पॅरिसला मागवून घ्यायचा, हे मात्र त्यांनी शेजारच्या गल्लीत घडल्यासारखं सांगितलं.

रुबाताचं मूळ बघायचं तर कियेरीला जावं लागतं. तोरिनोच्या पूर्वेला टेकडी आहे, बस ती ओलांडून पलीकडे उतरते की कियेरी. जुनं, विटांच्या इमारतींचं गाव, भोवती फ्रेइझा द्राक्षांचे मळे. तिथल्या एका दुकानात मी विचारून विचारून बिनाचरबीची रुबाता मिळवली. ही स्तिरातोपेक्षा जाड, गाठीगाठीची, आणि खाताना जबडा कामाला लावणारी. पिठाचा तुकडा फळीवर तळहाताखाली पुढेमागे वळत नेतात, लांबी चाळीस ते ऐंशी सेंटिमीटर. वळताना पीठ दाबलं जातं म्हणून आतून भरीव होते, ओढताना दाबलं जात नाही म्हणून स्तिरातो हलकी. कियेरीचे लोक स्तिरातोला नंतरची, शहरी भानगड मानतात. माझं मत विचाराल तर वाइनबरोबर, चीजबरोबर रुबाता. नुसती, चहाबरोबर किंवा कशाशिवायच खायची तर स्तिरातो. हो, चहाबरोबर. इथे कुणी असं करत नाही आणि मी ते कुणाला सांगितलेलंही नाही.

घरी करायला घेतली तेव्हा प्रमाण सिन्योरांनीच पिशवीच्या कागदावर लिहून दिलं. अर्धा किलो पीठ, 280 मिली कोमट पाणी, 50 ग्रॅम ऑलिव्ह तेल, 10 ग्रॅम मीठ, चमचाभर माल्ट आणि ताजं यीस्ट. यीस्टची इथे 25 ग्रॅमची वडी मिळते, तिचा तिसरा हिस्सा. पुरणपोळीची कणीक तेलात तिंबून जशी सैल ठेवतो तितपत मऊ झालं की मळणं थांबवायचं, साधारण दहा मिनिटं लागतात. मग रव्यावर आयत थापायचा, वरून तेल, झाकण, तास-दीड तास विश्रांती. थापल्यानंतर पुन्हा गोळा करून मळायचं नाही हे महत्त्वाचं. मळलंत की जाळं पुन्हा आवळलं, आणि पुन्हा थांबा. घरच्या ओव्हनचा ट्रे हातभर नसतो, तेव्हा लांबी ट्रेची, पसरायचा हात तेवढाच. 200 अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. रंग सोनेरी झाला तरी बाहेर काढायची घाई करू नये. ओव्हन बंद करून दार बोटभर उघडं ठेवावं आणि त्या उतरत्या उष्णतेत आणखी दहा मिनिटं राहू द्यावी. उरलेला ओलावा तेव्हा जातो. परीक्षा एकच. गार झाल्यावर मोडावी. वाकली तर परत आत.

तिळाची, रोजमेरीची, कांद्याची, चीजची, टोमॅटोची ग्रिसिनी सुपरमार्केटात ओळीने मांडलेली असते. मला ती सगळी संशयास्पद वाटते. नुसत्या पिठा-तेलाला चव आणता आली नाही की माणूस कांद्याकडे वळतो असं माझं मत झालंय. अर्थात हे मत पुण्याला सुटीवर गेले तेव्हा आईपुढे टिकलं नाही. तिने मी पीठ मळत असतानाच मूठभर ओवा चुरडून आत टाकला. “तू राहू दे तुझं इटालियन, ह्याने पोटाला बरं असतं.” तेओबाल्दो पेक्कियोचाही मुद्दा तोच होता, तेव्हा मी गप्प बसले. ओव्याची फार चांगली होते, हे लिहिलं पाहिजे.

पुण्यात करताना दोन-तीन गोष्टी बदलाव्या लागतात. आपल्या मैद्यात ताण धरण्याची ताकद कमी असते, तो लवकर तुटतो. तेव्हा पाणी आधी सगळं ओतू नये, पीठ जरा जास्त वेळ मळावं आणि लांबीचा हट्ट सोडावा. तसाही ओटीजीचा ट्रे केवढा असतो! डुरमचा रवा नाही मिळाला तर नेहमीचा सगळ्यात बारीक रवा फळीवर भुरभुरवायला चालतो. माल्टऐवजी चमचाभर मध किंवा साखर, ती रंगापुरती. इन्स्टंट यीस्ट असेल तर अडीच-तीन ग्रॅम पुरे. पण खरी अडचण हवेची. मी गेले होते जुलैत. तोरिनोत हिवाळ्यात घरं तापवलेली, हवा कोरडी, उघड्या खोक्यात ठेवलेली ग्रिसिनीही दोन-चार दिवस कडकडीत राहते. आमच्या पुण्याच्या घरात सकाळी काढलेला घाणा संध्याकाळी सादळला. आईने शांतपणे तो पुन्हा ओटीजीत ढकलला, मंद आचेवर, आणि गार झाल्यावर फराळाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरला. तो आठवडाभर टिकला. पावाचं सादळणं आणि ग्रिसिनीचं सादळणं यात हाच फरक आहे. ग्रिसिनी बिघडत नाही, तिने फक्त हवेतलं पाणी पिऊन घेतलेलं असतं, ते काढून टाकता येतं.

कशाबरोबर खायची हा प्रश्न तोरिनोत संध्याकाळी सहानंतर येतो. हे वर्मुथचं, म्हणजे सुगंधी वनस्पती घालून केलेल्या वाइनचं गाव, 1786 मध्ये अंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानोने इथेच वर्मुथ विकायला सुरुवात केली. ऑफिस सुटलं की बाहेरच्या टेबलांवर एकेक ग्लास, शेजारी ऑलिव्ह, चीजचे तुकडे आणि ग्रिसिनी. बाकीचे लोक तिच्यावर प्रोशुत्तो, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचा पातळ काप गुंडाळतात. बान्या काउदा नावाच्या गरम लसणीच्या रस्स्यात भाज्या बुडवून खातात तेव्हाही ती असते, पण त्या रस्स्यात आंचोवी मासे असतात, शाकाहाऱ्यांनी लसणीच्या वासावर भाळू नये. माझ्या वाट्याला गोर्गोंझोला चीज आणि ऑलिव्ह येतात, आणि माझी तक्रार नाही. जिथे हाताने ओढलेली असते तिथे ती ग्लासात उभी करत नाहीत, सरळ टेबलक्लॉथवर आडवी टाकतात. मोडताना तुकडे उडतात, कुणी ते झटकत नाही.

तुकड्यांचं मात्र इथे वाया काही जात नाही. दुकानात फुटलेल्या ग्रिसिनीची पिशवी काउंटरच्या टोकाला असते, नेहमीपेक्षा पुष्कळ स्वस्त. कुटून तिचा चुरा करतात आणि मांसाच्या कापांना ब्रेडक्रम्ब्सच्या जागी लावून तळतात. त्याला ‘आल्ला ग्रिसिनोपोली’ म्हणतात, कारण या शहराला गमतीने ग्रिसिनोपोली म्हणायची पद्धत आहे. मी तो चुरा बटाट्याच्या पॅटिसला लावते. आत आलं-मिरची-कोथिंबीर, बाहेरून हा चुरा, थोड्या तेलात शॅलो फ्राय. ब्रेडक्रम्ब्सपेक्षा तेल कमी पितो आणि गार झाल्यावरही कुरकुरीत राहतो. सिन्योराबाईंना एकदा डबाभर नेऊन दिले. त्यांनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, मग विचारलं की चुरा रुबाताचा आहे की स्तिरातोचा. स्तिरातोचा म्हटल्यावर म्हणाल्या, पुढच्या वेळी रुबाता घ्या, दाणा जाड पडेल. मी म्हटलं, त्यात स्त्रुत्तो आहे. त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, शनिवारी नवऱ्याला तेलाची वेगळी करायला सांगते. आता शनिवारी खोक्यावर पेन्सिलने ‘ओलियो’ लिहिलेला एक वेगळा गठ्ठा असतो, आणि तो मी पोचायच्या आत दुसरेच कुणी संपवतात.